चालू ठेवलेली गाडी

माझा स्वभाव संशयी. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली तरी मी जुडी उलटून बघते. धाकट्या भावाच्या अपिलाचं काम माझ्याकडं आलं तेव्हा नवरा म्हणाला, "आता वकिलाचं काही खरं नाही."

भावानं एका मित्राला मोटारसायकलवर लातूरजवळच्या मुरुडला नेलं. मित्र खताच्या दुकानात शिरला आणि त्यानं तिथं स्वतःच्याच चुलतभावाला भोसकलं. माणूस जागेवर गेला. माझा भाऊ बाहेर गाडी चालू ठेवून उभा होता. दोघं तिच्यावरूनच पळाले. लातूरच्या कोर्टानं दोघांचा इरादा एकच धरला आणि दोघांनाही जन्मठेप दिली.

अपिलाचे वकील म्हणाले, "ह्याला चाकूचं माहीत नव्हतं, एवढंच हायकोर्टाला पटवायचंय. पण मग गाडी चालू का ठेवली?"

आई पटकन म्हणाली, "लई जुनी गाडी हाय, साहेब. बंद केली की ढकलावी लागायची."

मी आईकडं बघतच राहिले. खुनाच्या आदल्याच दिवाळीत भावानं मला लातूरच्या स्टँडवरून माहेरी, शिरूर अनंतपाळला, त्याच गाडीवर आणलं होतं. वाटेत चहाला थांबलो, मग मिठाईला थांबलो. गाडी पहिल्या किकला सुरू व्हायची. संतापानं माझं डोकं फिरलं. आईला इतकं सहज खोटं बोलता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. मग अजून काय काय ठाऊक नव्हतं?

तुरुंगात भेटीला आई आत यायला धजावली नाही. मी एकटीच गेले. जाळीपलीकडं भाऊ पार खंगला होता. तब्येतीचंसुद्धा न विचारता मी म्हणाले, "गाडी बंद का नाही केलीस?"

"तो म्हणला, चालू ठेव, आलोच."

"कशाला, ते विचारलं नाहीस?"

"न्हाई." तो खाली बघत राहिला. "विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, अक्का."

बाहेर आई लिंबाखाली बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं माझा हात धरला. "बंद पडायची, असंच म्हणला न्हवं?"

मला तिचा राग यायला हवा होता. रडूच आलं.

"हाव," मी म्हणाले. "वकिलाला तसंच सांगू."