ओल्या फडक्याखाली

"पोरगी चांगली हाये व, पण तोंडच उघडत नाही. गळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणे. मले तर वाटते, आवाज तिथंच राहून गेला. नोकरी काय करते, तेबी तिले सांगता येत नाही. धानाच्या रोवणीच्या आत नोकरी सोडवून टाकू."

सासूबाई शेजारच्या काकूंना हे सांगत होत्या तेव्हा मी न्हाणीत होते, हे त्यांना माहीत नव्हतं. साबण अंगावर तसाच ठेवून मी सगळं ऐकलं. बाहेर आले आणि काहीच बोलले नाही. म्हणजे त्यांचं म्हणणं मीच सिद्ध करून दिलं!

लग्नाला तीन महिने झालेत. अड्याळचं घर आणि भंडाऱ्याची लॅब मिळून माझ्या फजित्या इतक्या साठल्यात, की न बोलणाऱ्या माणसालाही त्या कुठेतरी उतरवून ठेवाव्या लागतात.

*

पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी विचारलं, डॉक्टर आहेस का? नाही. नर्स? नाही. मंग?

मनात उत्तर तयार होतं. शरीरातल्या पहारेकरी पेशींवर ब्रेकसारखे रिसेप्टर असतात. कॅन्सर तो ब्रेक दाबून पहारा थांबवतो. आम्ही गाठीच्या तुकड्यावर अँटीबॉडी टाकतो, ती नेमकी त्या ब्रेकच्या खुणांना चिकटते. मग रंग टाकला की तेवढी जागा तपकिरी दिसते. त्यावरून डॉक्टर औषध ठरवतात.

तोंडातून निघालं, "रंगवते."

दुसऱ्या दिवशी काकू मुलीच्या लग्नाची मडकी घेऊन आल्या. सात होती. मी सातही रंगवली.

*

लॅबमध्ये आमच्याकडे कुकर आहे. मेणात बसवलेल्या तुकड्यात ते रिसेप्टर दडून बसतात, म्हणून तुकडा लावलेली काच, म्हणजे स्लाइड, आधी उकळून घ्यावी लागते. त्यात मिनिटभरही इकडेतिकडे चालत नाही.

सासरी पहिल्यांदा भात लावला तेव्हा मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि कुकरसमोर उभी राहिले. सासरे डोकावले, "झाला का भात?"

सवयीनं बोलून गेले, "झाला, बाबा. आता रंग टाकायचा बाकी आहे."

त्या दिवशी सगळे आधी वरण खाऊन बघत होते.

*

अँटीबॉडीचा थेंब टाकल्यावर स्लाइड वाळली की संपलं. म्हणून ती झाकणाच्या डब्यात, ओल्या फडक्याच्या सोबतीनं तासभर ठेवायची. हे हातात इतकं भिनलंय, की घरी पाहुणे जेवायला आले आणि सासूबाईंनी तळलेले पापड झाकून ठेवायला सांगितले, तेव्हा मी ते झाकले. ओल्या फडक्यानं! फडकं नीट पिळूनसुद्धा घेतलं होतं.

नवऱ्यानं मऊ पापडाची गुंडाळी केली, वरणात बुडवली आणि म्हणाला, "चांगला हाये. पोळी म्हणून चालते."

हा माणूस आपल्याला चालेल, हे मी तेव्हा ठरवलं.

*

एक फजिती मात्र हसण्यासारखी नाही. प्रत्येक खेपेला पेशंटच्या स्लाइडसोबत आम्ही एक टॉन्सिलची, म्हणजे घशातल्या गाठीची, स्लाइड लावतो. तिथं हा ब्रेक भरपूर असतो, म्हणजे उत्तर आधीच माहीत असतं. ती तपकिरी झाली नाही तर बाकी कुणावरही विश्वास ठेवायचा नाही.

एकदा टॉन्सिल कोरी निघाली. पेशंटचीही कोरी. तो गोसीखुर्द धरणाकडचा मासेमार होता आणि त्याचं औषध त्या रिपोर्टवर अडलं होतं. मी अँटीबॉडीची बाटली, फ्रीज, गेलेली लाइट, सगळ्यांना दोष देऊन झाले. लॅबच्या मॅडमनी स्लाइडवरून नख फिरवलं, तुकडा खालच्या बाजूला लागला. मी अख्खा ट्रे उलटा लावून काचेच्या पाठीवर थेंब टाकले होते.

"बाटली चांगली आहे, फ्रीज चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "उरलं कोण?"

दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा केलं. टॉन्सिल तपकिरी झाली. मासेमाराचीही झाली.

*

परवा सकाळी नवरा हळूच सांगून गेला, आई आज नोकरी सोडायचा विषय काढणार. मी पर्स घेऊन बाहेर आले तर सासूबाई ओसरीवर धानाचं बियाणं मोजून ओल्या फडक्यात बांधत होत्या. उगवते का, ते बघायला. दोन पुरचुंड्या होत्या, एक विकतच्या नव्या बियाण्याची, दुसरी घरच्याची.

घरचं तर उगवतेच, मग ते कायले, असं काकूंनी विचारलं.

"म्हणूनच तर," सासूबाई म्हणाल्या. "घरचंच नाही उगवलं, तं समजाचं आपलं फडकं वाळलं. नव्याले दोष कायले द्याचा?"

मी कुणी न सांगता त्यांच्याशेजारी बसले. म्हणाले, "आई, मी लॅबमध्ये हेच करते." आणि मग सगळंच सांगितलं. ब्रेक, कुकर, फडकं, उलटा ट्रे, मासेमार. रस्त्यावरून बस गेली. काकूंनी हात करून दाखवली.

"जाऊ दे. साडेदहाची हाये अजून," सासूबाई म्हणाल्या. हातातली गाठ त्यांनी घट्ट केली. "मंग तुमच्याइथं घरचं बियाणं कोणाचं?"

"माझं, आई. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठी मीच तिथं देऊन टाकल्या. रोज सगळ्यात आधी त्याच बोलतात."