समुद्राचं विरजण

गुरप्पा अडकला तो त्याच्या चांगल्या चालीमुळं.

तो सोलापूरच्या ज्या गिरणीत होता, तिथं विणण्याआधी सुताला पिठाची खळ लावत. ती कापडावरून उतरवायला विलायती पावडर लागे. गिरणीच्या केमिस्टसाहेबांनी आपल्या कोकणातल्या गावाहून खाडीचा चिखल बाटलीत भरून आणला. त्यातलं यीस्ट म्हणजे ताडी आंबवणाऱ्या जिवांचं भाऊबंद. ते खळ खातं, असा त्यांचा शोध होता. शोध खरा निघाला. रांजणात वाढवलेल्या त्या यीस्टला सकाळ-संध्याकाळ तांदळाच्या कण्यांची पेज पाजली की झालं. अडचण एवढीच, की त्याला ताडीचा वास येई. पहिले दोन राखणदार ते पिऊन बसले. मग साहेबांनी खात्यात न पिणारा माणूस शोधला. एकच निघाला.

तेव्हापासून गुरप्पाला रविवार नव्हता. अशात थोरल्या लेकीचं, दाक्षायणीचं, अक्कलकोटपलीकडं लग्न ठरलं.

"साहेब, पोरीच्या अक्षता हायत. चार दिस सोडा."

"तू गेलास तर हे मरेल, गुरप्पा," साहेब रांजणाकडं बघत हळहळले.

"दुसरा कोन न्हाय व्हय?" घरी बायकोनं, पार्वतम्मानं, विचारलं.

"हायत की. समदे पितेत."

"मग तुमी बी एकडाव प्या. सुटाल!"

गुरप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"ऱ्हायलं. मग त्या रांजणातल्याला तरी मारा," पार्वतम्मा म्हणाली.

मारायचं कसं, हे गुरप्पाला ठाऊक होतं. बापाच्या रानात मीठ फुटलं, तेव्हापासून तिथं कुसळसुद्धा उगवलं नव्हतं. लग्न ठरलं त्या साली मिठापायी देशभर लोक तुरुंगात जात होते. गुरप्पानं सुटण्यासाठी मीठ घेतलं. डबाभर रांजणात ओतलं, ढवळलं आणि रजेचे कपडे धुवायला टाकले.

दोन दिवसांनी रांजण फेसानं उतू चालला होता.

"काय घातलंस यात?" साहेबांनी विचारलं.

"मीठ," गुरप्पा म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"अरे, समुद्रातलं आहे ते! गोड्या पाण्यात झुरत होतं बिचारं!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता तुझ्याशिवाय दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही याला."

गुरप्पानं समुद्र पाहिला नव्हता. तो खारा असतो, हे त्याला आत्ता कळलं.

पार्वतम्मा लेकीला घेऊन एकटीच गेली. मुहूर्ताच्या वेळी गुरप्पा पेजेच्या कण्या निवडत होता. गिरणीचा भोंगा झाला तसा तो उठला, अक्कलकोटाकडं तोंड केलं आणि चिमूटभर कण्या हवेत टाकल्या.

बाकीच्या कण्या चुलीवर चढवल्या. पेजेची वेळ झाली होती.