साखरेच्या डब्यातलं घड्याळ

काकूंची नोकरी ऐकून लोक आधी हसायचे. हसणारच. चालायचा पगार कोणाला मिळतो? काकूंना मिळायचा. स्मार्टवॉचच्या कारखान्यात त्या तपासणीला होत्या. दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळं बांधायची आणि ठरलेल्या रस्त्याने फिरून यायचं. आतली चिप उपग्रहांवरून जागा बरोबर ओळखते का, ते नकाशावर बघायचं. काचेच्या उंच इमारतींपाशी ती हमखास गडबडायची. काकू फुटपाथवर आणि त्यांचा ठिपका पलीकडच्या तलावात. वाटेवरचा चांभार रोज विचारायचा, "काकू, वाजले किती?" काकू म्हणायच्या, "कुठल्या घड्याळात बघू, ते आधी सांग." काय दिवस होते ते.

संध्याकाळी काका स्कूटर घेऊन कारखान्याच्या मागच्या फाटकाशी यायचे, तिथल्या बाकावर बसायचे आणि काकू दिसल्या की तोंड सुरू. "माझं अर्धं आयुष्य या बाकावर गेलं." काकूही काही कमी नव्हत्या. "मग उरलेलं घरी काढा, मी बसने येईन." दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर.

काकू निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्याने एक घड्याळ भेट दिलं. ते काकांनीच बांधलं. काकू घरी बसल्या आणि काका मात्र संध्याकाळचे बाहेर पडायला लागले. कुठे निघालात, तर म्हणे जरा पाय मोकळे करून येतो. मग एका रात्री झोपेतच गेले. घड्याळ कपाटात पडलं.

परवा सुनेने ते चार्जिंगला लावलं. छपराखाली चिपला आभाळ दिसेना, म्हणून घड्याळाने शेवटची जागाच दाखवली. काकांच्या शेवटच्या संध्याकाळी बाहेरच बॅटरी संपली असणार. काकूंनी चष्मा लावून बघितलं. ठिपका मागच्या फाटकाशी होता, बाकावर.

आणायला कोणी नाही, तरी हा माणूस तिथे जाऊन बसायचा, आणि घरी येऊन एका शब्दाने बोलला नाही. काकूंना रडू आवरेना.

"आई, गच्चीत नेऊन बघते, आत्ताची जागा दाखवेल," सून म्हणाली.

"हात लावू नकोस त्याला."

सून दचकलीच. पण आभाळ दिसलं की चिप नवी जागा धरते आणि जुनी सोडून देते, हे काकूंना कोणी शिकवायला नको होतं. कारखान्यात आभाळ लपवायचं असलं की त्या घड्याळ पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवायच्या. इथे स्टीलचा डबा होता साखरेचा. साखर गेली पातेल्यात, घड्याळ डब्यात.

डबा छातीशी धरून काकू चालतच निघाल्या. फाटक गंजलं होतं, बाक मात्र होता. काकांची जागा सोडून त्या कडेला बसल्या, झाकण काढलं आणि घड्याळ आभाळाकडे धरलं. चिप शोधत राहिली. काकूंचा जीव टांगणीला लागला. मग जागा सापडल्याची बारीकशी थरथर हाताला जाणवली.

ठिपका जागचा हलला नव्हता.

"उशीर झाला," काकू शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणाल्या, "पण आले बघा."