नवमीला तळलेली बेअरिंग

आश्विन शुद्ध अष्टमी, शनिवार. काम: छोट्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर नवी बेअरिंग चढवणं, चेन ताणून घेणं, ब्रेक कसणं.

सकाळी चहा पिऊन मागच्या अंगणात गेले, तर हत्यारांची पेटी उघडी आणि रिकामी. एक पाना नाही की पक्कड नाही. आदल्या संध्याकाळी जुनी गंजलेली बेअरिंग ओढून काढण्यात माझे खांदे भरून आले होते, तरी पेटी आवरून ठेवल्याचं मला नीट आठवत होतं. चोर आला असता तर त्याने आधी बॅटऱ्या नेल्या असत्या. बॅटऱ्या जागेवर होत्या.

जबलपूरला चेरीतालच्या आमच्या घरामागे बऱ्यापैकी मोठं अंगण आहे आणि त्याला लागून एक रिकामा प्लॉट. त्या काळात अंगणात तीन गो-कार्ट होत्या. मुलांचं एक खेळण्याचं पार्क बंद पडलं, तिथल्या गाड्या भंगारात गेल्या आणि भंगारवाल्याने त्या मला दाखवल्या. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते, हे त्याला माहीत होतं. गाड्या पेट्रोलच्या होत्या. इंजिनं गेलेली, सीटा उंदरांनी कुरतडलेल्या, पण चासी सरळ होत्या. चासी सरळ असली की बाकी सगळं बदलता येतं. इंजिनाच्या जागी ई-रिक्षाची मोटर बसवायची, ब्रेक स्कूटरचे घ्यायचे, भोवती जुन्या टायरचा बंपर बांधायचा आणि कंट्रोलरमधून वेग इतका कमी करायचा की आईबापांनी शेजारून झपाझप चालावं. दोन गाड्या अशा तयार झाल्या आणि आदल्या वर्षीच्या गणपतीत मंडळाच्या मेळ्यात मुलांनी त्या दिवसभर पिदडल्या. तरी टिकल्या.

तिसरी सगळ्यांत छोटी. ती माझ्या भाचीसाठी होती.

भाची माझ्या भावाची मुलगी. भाऊ कुंडमला शाळेत शिक्षक आहे. पोरगी तेव्हा आठ वर्षांची आणि अंगाने बारकी. मोठ्या गाड्यांच्या पेडलला तिचे पाय पोचत नव्हते. मेळ्यात तिने दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या ढकलल्या. म्हणून मी तिसरीचे पेडल पुढेमागे सरकतील असे करून घेतले. पण पुढच्या उन्हाळ्यात मोटर आली नाही, त्यानंतरच्या गणपतीत वेल्डिंग राहिलं. दोन्ही वेळा मी तिला शब्द दिला आणि दोन्ही वेळा ती बसच्या खिडकीतून माझ्याकडे न बघता कुंडमला परत गेली. या सुट्टीत आल्या आल्या तिने विचारलं, "आत्या, इस बार पक्का?"

मी म्हटलं, "पक्का."

"हर बार आप यही बोलती हो," ती म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं. बोलताना मात्र ती सोयीने बोलते.

तर शनिवारी काम संपवायचं, रविवारी सकाळी तिने गाडी चालवायची आणि दुपारच्या बसने भावाने तिला घेऊन जायचं, कारण सोमवारी दसऱ्याला तिची आई घरी वाट बघणार. असा बेत होता. आणि शनिवारी सकाळी पेटी रिकामी.

"काहून शोधून राहिली?" सासऱ्यांचा आवाज आला. "सगळी इथं आहेत."

देवघरासमोर दोन पाट मांडलेले. त्यांवर माझे सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, पक्कड, हातोडी, पेचकस, ड्रिल, वीज मोजायचा मीटरसुद्धा. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट, प्रत्येकावर झेंडूचं फूल. मीटरच्या काचेवर कुंकू सुकत होतं.

"बाबा, हे काय?"

"खंडेनवमी."

"आज अष्टमी आहे."

"तुझ्या कॅलेंडरात असेल."

इथे चूक माझी होती, आणि ती जबलपूरच्या मराठी घरातच होऊ शकते. आमच्याकडे दोन कॅलेंडरं असतात. अंगणातल्या टेबलावर इथलंच हिंदी पंचांग, जे या शहरात घरोघरी असतं. शाळांच्या सुट्ट्या त्यावर कळतात. स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर, जे सासऱ्यांचा पुतण्या दरवर्षी नागपूरहून पाठवतो. बहुतेक सण दोघांत एकाच दिवशी येतात. एखाद्या वर्षी तिथी दुपारी बदलते आणि दोघांत एक दिवसाचा फरक पडतो. त्या वर्षी पडला होता. मी बेत हिंदी कॅलेंडरावर आखला आणि हत्यारं मराठी कॅलेंडरावर पाटावर गेली.

सासऱ्यांनी सगळी नोकरी तोफखान्याच्या फॅक्टरीत लेथवर काढली. फॅक्टरीत विश्वकर्मापूजा व्हायची, ती त्यांनी केली. घरी खंडेनवमी व्हायची, तीही केली. दोन्ही दिवशी लोखंडाला हात लावला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: "वर्षभर ते आपलं काम करते. एक दिवस बसू दे ना त्याले."

"उद्या बसू दे. पोरगी उद्या जाते."

"उद्या दसरा. उद्या उत्तरपूजा झाली का उचल."

मी वाद घालण्यात वेळ घालवत नाही. चपला घातल्या आणि शेजारच्या गल्लीत आमच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले. त्याच्या हत्यारांची पूजा विश्वकर्म्याच्या दिवशीच होऊन गेली होती. माझ्या हिशेबाने ती मोकळी होती.

"ले जाओ दीदी," तो म्हणाला. "लेकिन बाबूजी पूछें तो मेरा नाम मत लेना. पिछली बार मेरे वेल्डिंग को उन्होंने गोबर बोला था."

मी दोन पाने ओढणीखाली घेऊन परतले. सासरे अंगणात खुर्ची टाकून बसलेच होते.

"कोणाचे आहेत?"

"कोणाचे का असेना. यांची पूजा झाली आहे, महिन्यापूर्वी."

"पान्याचा प्रश्न नाही, सूनबाई. हाताचा आहे. हात या घरचा आहे का नाही?"

भाची पायरीवर बसून ऐकत होती. तिने दोन्ही हात वर केले. "आजोबा, मेरे हाथ तो कुंडम के हैं."

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण पाने त्यांनी मागून घेतले आणि आपल्या खुर्चीखाली ठेवले.

मी कंबरेवर हात ठेवून गाडीकडे बघितलं. मग विचारलं, "हत्यार उचलायचं नाही. हात चालवायला तर हरकत नाही?"

"नाही."

"आणि स्वयंपाकघरातलं?"

त्यांनी विचार केला. "विळी पाटावर आहे. सुरी आहे. बाकीच्याची पूजा नाही झाली."

"म्हणजे कढई चालेल."

"कढई?"

बेअरिंग ॲक्सलवर ठोकूनच चढवायला हवी असं नाही. गरम केली की ती किंचित फुगते आणि थंड ॲक्सलवर हाताने सरकते. हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर शिकवते आणि प्रत्यक्षात दरवर्षी हातोडीच वापरते, कारण ती जवळ असते. एक जुनी कढई काढली, डब्यात उरलेलं मशीनचं तेल तिच्यात ओतलं आणि गॅसवर मंद आचेला ठेवलं. फ्रीजमधला सगळा बर्फ पिशवीत भरून भाचीला ॲक्सलला धरून बसवलं.

नवरा तेव्हा अंघोळ करून बाहेर आला. त्याला यंत्रातलं काही कळत नाही आणि त्याची त्याला खंतही नाही. तो वास घेत स्वयंपाकघरात आला. "काय तळते आहेस?"

"बेअरिंग."

त्याने कढईत डोकावून बघितलं आणि "मग मी पोहे बाहेरून आणतो," म्हणून पिशवी घेऊन निघून गेला.

"बाबा, सांडशी?" मी आतून ओरडले.

"सांडशी चालते!"

सांडशीने बेअरिंग उचलली, पळत अंगणात आले, भाचीने बर्फ बाजूला केला, मी जाड फडक्यात धरून बेअरिंग ॲक्सलवर टेकवली. ती लोण्यातून जावी तशी सरकली आणि ॲक्सल जिथे जाड होतो त्या खांद्याला जाऊन टेकली. सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

"दुसरी आण, दुसरी," ते म्हणाले. "अन् ॲक्सल पूस आधी, पाणी हाये त्यावर."

दुसरी बेअरिंग अर्ध्यात अडकली. मी हातोडीसाठी सवयीने मागे हात नेला. हातोडी पाटावर. बेअरिंग थंड होत चाललेली. तेवढ्यात सासऱ्यांनी हातातली काठी पुढे केली, तिची मूठ बेअरिंगवर टेकवली आणि अंगाचा भार देऊन ढकललं. बेअरिंग जागेवर गेली.

"काठी हत्यार नाही का?" मी विचारलं.

"काठी माझा पाय आहे," ते म्हणाले आणि परत जाऊन बसले.

नंतरचा दिवस असाच गेला. ग्रीस बोटांनी भरलं. चमचा विचारला, मिळाला. लाटणं विचारलं, तर "लाटण्यानं काय करणार?" ही चौकशी आधी झाली, मग मिळालं, बंपरच्या दोऱ्या त्याने पीळ देऊन आवळल्या. चाकं चढवली, नट हाताने फिरतील तितके फिरवले. भाचीने प्लॉटमधले दगड वेचले आणि टायर लोटत नेऊन वळणं मांडली. पोह्यांवर पोहे आले. संध्याकाळी गाडी चार चाकांवर उभी होती, बॅटरी जोडलेली, चावी फिरवली की दिवा लागत होता.

राहिलं होतं ते फक्त कसणं. चेन सैल होती आणि ब्रेकचा नट हाताच्या जोरावर बसलेला.

"चलो ना आत्या," भाची सीटमध्ये जाऊन बसली. "सब लग गया."

"ब्रेक कसलेला नाही."

"मैं ब्रेक लगाऊंगी ही नहीं."

"उतर."

"धीरे चलाऊंगी."

"उतर म्हटलं ना. ब्रेक कसल्याशिवाय या अंगणातून गाडी निघत नाही. तू रडलीस तरी नाही."

ती रडली नाही. उतरली आणि आपली बॅग भरायला गेली, ते मला जास्त लागलं. त्याच वेळी भावाचा फोन आला. दुपारच्या बसने नाही, शाळेतल्या एका सरांची जीप सकाळी शहरात येते आहे, आठला तो दारात असेल आणि लगेच निघायचं आहे. सर थांबणार नाहीत.

मी सासऱ्यांकडे गेले. "बाबा, उद्या उत्तरपूजा लवकर करा."

"लवकर म्हणजे?"

"उजाडता."

"माझे गुडघे उजाडता वाकत नाहीत. आंघोळ, जानवं, संध्या. नऊ तरी वाजतातच." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी बाहेर गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "पण उत्तरपूजा मीच करावी असं कुठं आहे? घरातलं कोणीही करते. तू कर."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हत्यारांची पूजा मी कधी केली नव्हती. मी हत्यारं पुसते, तेल लावते, जागेवर ठेवते. माझ्या मते तेवढं पुरतं. पूजा हा त्यांचा विभाग होता. त्यांनी तो मला देऊ केला होता आणि वर अटही घातली: "पण घाईत नको उरकू. प्रत्येकावर अक्षता पडली पाहिजे."

"पडेल."

"मीटरवर पण."

"मीटरवर पण, बाबा."

भाचीला मी काहीच सांगितलं नाही. दोनदा शब्द देऊन झाला होता, तिसऱ्यांदा द्यायची माझीच तयारी नव्हती.

सकाळी उजाडायच्या आत अंघोळ केली. निरांजन लावलं. पाटांसमोर बसून आधी लहान पान्यापासून सुरुवात केली. हळद, कुंकू, फूल, अक्षता. मोजणी चुकू नये म्हणून ओळीने गेले. मीटरवर अक्षता टाकली, ती काचेवरून घसरली, म्हणून परत टाकली. दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मंत्र येत नव्हते. "काल दिवसभर बसलात, आता चला," एवढं म्हणून नमस्कार केला आणि दोन्ही पाट उत्तरेकडे जरासे सरकवले. आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "झालं का सगळ्यांचं?"

"झालं."

"मग उचल."

सतरा नंबरचा पाना उचलून अंगणात गेले. चेन ताणली, ब्रेकचा नट कसला, चाकांचे चारही नट परत तपासले. मग त्या एवढ्याशा सीटमध्ये स्वतः बसले, गुडघे हनुवटीला लावून, आणि प्लॉटमध्ये गाडी नेऊन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, मी अर्धी पुढे गेले. पुन्हा एकदा दाबून पाहिला. थांबली.

आत जाऊन भाचीला हलवलं. "ऊठ. चपला नको, बूट घाल. केस बांध."

ती डोळे चोळत बाहेर आली, गाडी प्लॉटमध्ये बघितली आणि बूट घालायला पळाली. मी तिचा पट्टा आवळला. सासरे काठी टेकत आले, पुढच्या चाकांखाली त्यांनी स्वतः काठीने लिंबं सरकवली, आणि गाडी त्यांवरून गेली.

ती तिसऱ्या वळणावर असताना फाटकाशी जीप थांबली आणि हॉर्न वाजला. मी भावाला आत बोलावलं, नवऱ्याने केलेला चहा त्याच्या हातात दिला, जीपवाल्या सरांसाठी दुसरा कप बाहेर पाठवला आणि दोघांनाही सांगितलं की बॅटरी उतरेपर्यंत कोणी कुठे जाणार नाही.