जिन्यापर्यंत आलेला आचारी

माझ्या मावशीला नसत्या चौकशा करायची खोड आहे, आणि वीज कंपनीने या खोडीचा तिला बावीस वर्षं पगार दिला. ती घरोघर जाऊन मीटरचे आकडे लिहून घ्यायची. कुठल्या इमारतीत मीटर दाराआड आहे, कुठे जिन्याखाली, कुणाचा कुत्रा नुसताच भुंकतो आणि कुणाचा खरंच चावतो, हे तिला तोंडपाठ. आकडा घ्यायला दोन मिनिटं पुरतात, मावशी एकेका घरी दहा मिनिटं काढायची. आई म्हणायची, हिला माणसांचंही रीडिंग लागतं.

महामारीत घरोघर जाणं बंद झालं आणि पालिकेने तिला फोनवर बसवलं. एका बंद शाळेचा वर्ग, लांब लांब ठेवलेले बाक, आणि समोर परदेशातून येऊन चौदा दिवसांच्या विलगीकरणात असलेल्या लोकांची यादी. रोज प्रत्येकाला सात प्रश्न विचारायचे, उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’, आणि पाच वाजता यादी साहेबांकडे द्यायची. सातच प्रश्न विचारून गप्प बसणं मावशीला कसलं जमतंय! ती जुन्या सवयीने आधी "लाईट आहे ना?" विचारायची, मग गाडी सुरू. कुठून आलात, तिकडे नियम काय, विमानात जेवताना मास्क काढू देतात का. एका देशात उतरलेला दिवस पहिला धरतात, तर दुसऱ्या देशात तो धरतच नाहीत. एक बाई विमान बदलायला वाटेत तीन तास थांबली, तर तिला त्या तिसऱ्याच देशाचे नियम लागू झाले. वर्गाच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा मावशीने काढून बाकावर पसरला होता आणि त्यावर बोट फिरवत ती हे सगळं ऐकायची. संध्याकाळी ते आम्हाला ऐकावं लागे.

त्या यादीत जहाजावरचा एक आचारी होता. नऊ महिन्यांच्या करारावर गेलेला हा माणूस चौदा महिने पाण्यावर राहिला, कारण तीन बंदरांनी जहाजावरच्या कुणालाच उतरू दिलं नाही. चौथ्या बंदराने उतरू दिलं, तर तिथून इकडे यायला बंदी. मग मधल्या एका देशात चौदा दिवस हॉटेलच्या खोलीत काढायचे, तेव्हा कुठे पुढचं तिकीट. निघायच्या आधी बहात्तर तासांतली चाचणी हवी होती. विमान एक दिवस लांबलं, चाचणी शिळी झाली, पुन्हा नाकात काडी. एवढे उपद्व्याप करून तो गावात पोचला, तर घरात पासष्टच्या वरचं माणूस असल्यास तिथे राहायचं नाही असा नियम निघाला. घरात त्याची आई होती. एकाहत्तर वर्षांची, दोन्ही किडन्या गेलेल्या. डॉक्टरांनी हात टेकून तिला घरी पाठवलं होतं आणि शेजारीण तिचं सगळं करत होती. तिच्यासाठीच तर तो एवढ्या लांबून निघाला होता. आता मधे एक गल्ली उरली होती आणि तो त्या गल्लीतच, मित्राच्या रिकाम्या खोलीत अडकला होता.

त्याच्या विलगीकरणाच्या तिसऱ्या दिवशी, बाराच्या सुमारास मावशीने फोन लावला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, लाईट आहे ना? तो म्हणाला, आहे की, डोक्यावर दिवा चालू आहे.

मित्राच्या खोलीच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला घेतला होता, हे तिला सकाळीच कंपनीतल्या मैत्रिणीकडून कळलं होतं.

"तुमच्या गल्लीत दहा वाजल्यापासून वीज नाही," ती म्हणाली. "कुठे आहात तुम्ही?"

मग तो म्हणाला, "आईच्या जिन्यात. आत गेलो नाही, ताई. दार लावलेलं आहे. ती आतून बोलते, मी पायरीवर बसतो. डॉक्टर म्हणतात, फार तर आठ-दहा दिवस. माझे अजून अकरा आहेत."

मावशीने त्याला चांगलं झापलं आणि आधी खोलीवर परत पाठवलं. पण खरं घोडं पुढे अडलं होतं. ‘बाहेर गेला’ यापुढे ‘हो’ लिहिलं, की संध्याकाळी गाडी येऊन त्याला गावाबाहेरच्या केंद्रात नेणार. आणि ‘नाही’ लिहिणं तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं. बावीस वर्षांत तिने न बघता एकही आकडा लिहिलेला नाही.

तिने नियमांची पुस्तिका काढली. अडतीस पानं, बारीक टाईप. नियम असा का, तसा का, असं स्वतःशीच पुटपुटत ती वाचत सुटली. सव्विसाव्या पानावर ‘स्वतंत्र घर’ म्हणजे काय ते दिलं होतं: स्वतंत्र दार, स्वतंत्र मोरी, स्वतंत्र वीजजोडणी. मावशी ताडकन उभी राहिली. त्या जिन्यात आचाऱ्याच्या आईच्या मजल्यावर दोन मीटर होते, आणि त्यातल्या एकाचा आकडा अकरा वर्षं हलला नव्हता. असं का, हे तिने रीडिंगला जायची तेव्हाच त्या आईला विचारून ठेवलं होतं. आचाऱ्याच्या वडिलांनी घराची एक खोली वेगळं दार, मोरी आणि मीटर देऊन भाड्याने दिली होती. मधल्या भिंतीत सरकत्या काचेची खिडकी तेवढी ठेवली होती. भाडेकरू गेला, वडील गेले, मीटर राहिला.

साडेचारला ती त्या दुसऱ्या मीटरच्या बिलाची प्रत घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. बाहेर गेला, जिन्यापर्यंत, हेही तिने यादीत स्पष्ट लिहिलं होतं. साहेब म्हणाले, पण त्या घरात म्हातारं माणूस आहे ना?

"त्या घरात नाही, साहेब. शेजारच्या घरात. कागद तुमच्यासमोर आहे."

कागदापुढे साहेबांचं काही चालेना. त्यांनी केंद्राची गाडी रद्द केली, आचाऱ्याला त्या खोलीत हलवायला सही केली आणि खाली अट घातली: काच उघडली, तर चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून.

मला तेव्हा मावशीचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. त्या जिन्यात वीस बिऱ्हाडं होती. आम्ही कडाकडा भांडलो. मावशी म्हणाली, वीस बिऱ्हाडांसाठीच तर काच बंद आहे. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पुरतं पटलेलं नाही.

आचारी त्या खोलीत राहायला गेला. आईची खाट शेजारणीने खिडकीला लावून दिली. मीठ वर्ज्य, तरी आईला चव लागावी म्हणून काय करायचं, हे तो काचेपलीकडून शेजारणीला शिकवायचा. मावशीला रोज त्याचा सविस्तर अहवाल मिळायचा. आईने आज चार घास खाल्ले, आज दोन, आज नुसतं पाणी.

विलगीकरणाच्या अकराव्या दिवशी मावशीने फोन केला. ताप, खोकला, बाहेर गेलात का, सगळ्याला ‘नाही’. मग कुणाच्या संपर्कात आलात का, हा प्रश्न आला.

"हो," तो म्हणाला. "सकाळी काच सरकवली. तासभर आईचा हात धरून बसलो होतो. नऊला गेली. लिहा तसं."

मावशीने हळूच सांगितलं, लिहिलं तर उद्यापासून पुन्हा पहिला दिवस.

"मोजा की, ताई," तो म्हणाला. "आता मला कुठे पोचायचंय?"