सासूबाईंचा गुडघा आणि लवंगेचं तेल

सासूबाई फुलंब्रीहून आमच्या हर्सूलच्या घरी कायमच्या राहायला आल्या, तेव्हा त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते. सगळं आयुष्य निंदणी-खुरपणीत आणि कापूस वेचण्यात गेलेलं. बसलं की उठवेना, उठलं की बसवेना. डॉक्टरांनी झीज सांगितली आणि रोजचा व्यायाम दाखवला. सासूबाईंच्या मते व्यायाम म्हणजे काही औषध नव्हे.

त्याच सुमारास माझी नणंद औरंगपुऱ्यात सुगंधी तेलांच्या वर्गाला जायला लागली होती. एका रविवारी ती चार छोट्या तपकिरी बाटल्या घेऊन आली. लवंग, निलगिरी, पुदिना आणि लॅव्हेंडर.

"वहिनी, झोप, सर्दी, सांधे, सगळ्यावर चालतं. आणि नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही."

मी पुष्कळ वर्षं चिकलठाण्याच्या एका साबण कारखान्यात वासाची तेलं तपासायचं काम करत होते. तिथं हातमोजे घातल्याशिवाय आम्ही बाटलीचं झाकणही उघडत नसू. मी तिला म्हटलं, "ताई, पोतंभर माल उकळावा तेव्हा कुठं एवढीशी बाटली निघते. लवंग दाढेत धरणं वेगळं आणि हे अंगावर ओतणं वेगळं."

"तुम्हाला कारखान्याची सवय. हे घरगुती आहे," ती हसून म्हणाली.

मी बाटल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. पण लवंगेची बाटली तिनं जाताना हळूच आईच्या हातात दिली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी संध्याकाळी कामावरून आले तर सासूबाई गुडघ्याला लोकरीचं फडकं घट्ट बांधून ओसरीवर बसलेल्या. चेहरा ओढलेला.

"लई आग व्हायलीय गं. पण म्हणलं, आग व्हायली म्हंजे गुण यायलाय."

मी फडकं सोडलं. कातडी लालभडक झालेली आणि त्यावर हरभऱ्याएवढे फोड आलेले. निम्मी बाटली त्यांनी तशीच चोळली होती आणि वरून ऊब दिली होती. मी घाबरले नाही. नुसत्या पाण्यानं तेल निघत नाही, म्हणून सौम्य साबण लावून, फोड न फोडता, गार पाण्यानं गुडघा बराच वेळ धुतला. मग रिक्षा बोलावून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, भाजलंय. मलम दिलं, पट्टी बांधली.

नणंद धावत आली आणि आईचा पाय बघून रडायलाच लागली.

"तू कशाला रडती? ओतलं म्या," सासूबाई म्हणाल्या.

मग नणंद माझ्याकडे वळली. "सगळ्या बाटल्या फेकून द्या, वहिनी."

"फेकायच्या कशाला? कशा वापरायच्या ते ठरवू," मी म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात असलं तेल कुणी पोटात घ्यायचं नाही, डोळ्यांजवळ न्यायचं नाही आणि पातळ केल्याशिवाय अंगाला लावायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. नणंदेनं मान हलवली. सासूबाईंनी हलवली नाही, पण बाटली माझ्या हातात दिली.

कातडी पूर्ण भरून आल्यावर मी मोठ्या चमचाभर खोबरेल तेलात लॅव्हेंडरचे दोन थेंब मिसळले. आधी त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावलं आणि एक दिवस वाट पाहिली. खाज नाही, लाली नाही. मग गुडघ्याला लावलं. त्यांनी हात नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "माझा बाप बाजाराला निघाला की कानात अत्तराचा फाया घालायचा. निजामाचं राज व्हतं तवा. घरभर वास राहायचा मागं."

इतक्या वर्षांत त्या वडिलांबद्दल माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

"ह्यानं गुडघा बरा व्हईल?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. गुडघ्याला व्यायामच लागतो. ह्यानं नुसतं बरं वाटेल."

"बरं वाटणं बी कमी हाय व्हय?"

मी ते धरून ठेवलं. आधी पाय सरळ करून उचलायचा व्यायाम, मग मालिश. मालिशीच्या लोभानं त्या कुरकुरत का होईना, व्यायाम करू लागल्या. हळूहळू त्या काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागल्या. नणंद याचं श्रेय लॅव्हेंडरला द्यायची, मी व्यायामाला. सासूबाई मात्र म्हणायच्या, "सुनंच्या हाताला गुण हाय."

पुढच्या हिवाळ्यात शेजारची सून काही महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आली. बाळाला सर्दी झाली होती.

"काकू, निलगिरीचे दोन थेंब द्या ना. छातीला अन् नाकाला लावते."

मी तोंड उघडायच्या आत बाजेवरून सासूबाईंचा आवाज आला, "नाय मिळायची! मोठ्या माणसाचं कातडं जळालंय तिथं लेकराचं काय!"

ती पोर ओशाळली. मी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं की इतक्या लहान बाळाच्या नाकाशी निलगिरीचं किंवा पुदिन्याचं तेल नेलं तर त्याचा श्वास अडकू शकतो. बोलता बोलता बाळाचं झबलं वर केलं. श्वासागणिक फासळ्यांखाली खड्डा पडत होता.

"हे साध्या सर्दीचं लक्षण नाही. चल, आत्ताच दवाखान्यात."

रिक्षात ती सारखी विचारत होती, "काकू, काही होणार नाही ना?" मी तिचा हात धरून ठेवला. छातीत कफ साचला होता. बाळाला लगेच दाखल केलं, ऑक्सिजन लावला. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. काही दिवसांनी बाळ खडखडीत बरं होऊन घरी आलं.

दाखल केल्याच्या संध्याकाळी मी घरी परतले, तेव्हा सासूबाई फाटकाशी काठी टेकून उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

"दूध प्यालं का गं लेकरू?" त्यांनी विचारलं.

"प्यालं," मी म्हटलं. मग त्या आत गेल्या.