अनवाणी संघाचं मैदान

चुन्याच्या रेषेवर बावीस अनवाणी पाय एका ओळीत उभे आहेत... टाचांना भेगा, अंगठ्यांची नखं काळीनिळी, घोट्यांवर चोळलेल्या हळद-तेलाचा उग्र दर्प तापलेल्या मुरुमाच्या वासात मिसळून थेट दोरीपलीकडच्या आम्हा पोरींपर्यंत येतो आहे — डोळे मिटले की माझं हैदराबाद असं पायांपासून सुरू होतं. लोकांना चारमिनार आठवतो, आठवो बापडा!

काचीगुड्याच्या रुळांपलीकडे, चिंचांच्या रांगेआड आमच्या फुटबॉल क्लबाचं मैदान होतं. एक पत्र्याची शेड, दोन बांबूंचे गोल आणि प्रेक्षकांना आवरायला काथ्याची दोरी, एवढाच काय तो थाट. बूट घालून खेळणाऱ्याला आमच्या क्लबात भित्रा म्हणत. माझे वडील, नाना, कचेरीत पेशकार आणि क्लबाचे सेक्रेटरी, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून ते रेषेबाहेर उभे राहत आणि खेळ रंगात आला की सगळी अदब विसरून “अरे, पास दे की मेल्या!” असं शुद्ध मराठीत ओरडत. खेळणारे “जी हुजूर” म्हणत हसत.

त्यातले अन्वरचाचा म्हणजे रेल्वेच्या कारखान्यातले फिटर, क्लबाचे फुलबॅक आणि नानांचे जिवलग दोस्त. थोरांना आदाब केल्यावाचून पुढे पाऊल टाकायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. मी वाकून हात कपाळाशी नेला की चाचा खेळ चालू असला तरी थांबून “जीती रहो, बिटिया” म्हणायचे, आणि मगच चेंडू मारायचे. एकदा त्यापायी गोल झाला. नाना संतापले, तर चाचा म्हणतात कसे — “गोल तो उतर जाएगा भाई, बच्ची का सलाम कैसे उतारूँ?”

मग ते वर्ष आलं. स्वातंत्र्य दिल्लीला पोचलं होतं, आमच्यापर्यंत यायचं होतं. रस्त्यांवरून रझाकारांच्या कवायती जायच्या आणि घराघरांत माणसं हळू बोलायला शिकली होती. त्या दिवसांत चाचा रोज संध्याकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसत, मांडीवर चामड्याचा चेंडू घेऊन त्याला चरबी चोळत. चेंडूला एवढी चरबी कशाला लागते, असं मला वाटायचं. आपण येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून चाचा तिथं बसतात, हे आईला ठाऊक होतं. चरबीच्या वासानं जिला मळमळायचं, ती माझी सोवळी आई निमूटपणे त्यांच्यापुढे चहा ठेवायची. आमच्या दाराला त्या वर्षभरात कोणी बोट लावलं नाही.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. चार-पाच दिवसांत सगळं उलटंपालटं! गल्लीत पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले. आणि आठवड्याभरानं चाचांची म्हातारी अम्मी आमच्या दारात येऊन उभी राहिली. रझाकार असल्याच्या संशयावरून फौजेनं त्यांच्या मोहल्ल्यातले झाडून सगळे पुरुष उचलून नेले होते आणि कुठे ठेवले होते, तर आमच्याच मैदानावर. “आपकी गवाही चलेगी, भाई,” ती नानांना म्हणाली. “इत्ता बोल दो, मेरा अन्वर वैसा नहीं.” नाना म्हणाले, “आत्ता जातो, अम्मा.”

त्या दिवशी त्यांनी शेरवानी काढून ठेवली आणि धोतर-कोट घातला. लेकरू सोबत असलं की शिपाई हटकत नाहीत, म्हणून आईनं मला त्यांच्याबरोबर धाडलं.

मैदान बघितलं. काथ्याच्या दोरीच्या जागी काटेरी तार! आत पेनल्टीच्या जागेपासून पार शेडपर्यंत माणसंच माणसं उकिडवी बसलेली, मान खाली घातलेली. घामाचा, लघवीचा, ओल्या मातीचा तो वास... तोंडं दिसतच नव्हती. मला चाचा ओळखू आले ते पायांवरून — डावा अंगठा वाकडा, त्याला नख नाही. तारेपासून चार हातांवर होते. आणि मी मूर्ख पोर, मी काय करावं? शिकवल्याप्रमाणे वाकले, हात कपाळाशी नेला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “आदाब, चाचा!”

बंदूकवाला शिपाई गर्रकन वळला. त्यानं मला नाही, नानांना विचारलं, “जानते हो इसको?”

कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती, पण मी स्वतः ऐकलं. नाना म्हणाले, “नहीं साब.”

शिपायानं चाचांकडे बघितलं. चाचांनी मान वर केली, माझ्याकडे चुकूनही न बघता म्हणाले, “बच्ची है साब, सबकू सलाम करती. मैं नईं पहचानता इनकू.”

माझा हात कपाळाशीच राहिला होता. नानांनी तो ओढून खाली घेतला.

घरी अम्मी वाट बघत बसली होती. “गर्दी फार होती, भेट झाली नाही,” नाना म्हणाले. मी आईकडे बघितलं, आई माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना एकटेच, शेरवानी घालून, अर्ज लिहून गेले. मैदान रिकामं होतं. ट्रक पहाटेच गेले होते, कुठे ते कोणाला ठाऊक नव्हतं; नाना अर्ज तसाच खिशात घेऊन परतले. अम्मी पुन्हा आली नाही. पुढे तिच्या दाराला कुलूप दिसलं.

तार निघाली, क्लब पुन्हा उभा राहिला, पत्र्याच्या शेडचं सिमेंटचं स्टेडियम झालं. नाना तिकडे कधीच फिरकले नाहीत. नल्लकुंट्याच्या घरात, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात, मी धीर करून विचारलं, “नाना, का हो?” त्यांनी नजर चुकवली नाही. “घाबरलो गं,” म्हणाले. “वाटलं, मलाही आत बसवतील.”

“आणि नंतर? शोध का नाही घेतला त्यांचा?”

ते म्हणाले, “कुठेही विचारायला गेलो असतो, तर आधी सांगावं लागलं असतं... की मी त्याला ओळखतो.”